काळा माल

आमच्याकडे बेदाण्याच्या रंगावरून घरातलं वर्ष कळतं. हिरवा निघाला तर भिंतींना रंग लागतो, पिवळा निघाला तर सोसायटीचा हप्ता जातो, आणि काळा निघाला तर जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही. लग्न होऊन तासगाव तालुक्यात आले त्याला ३१ वर्षं झाली. माहेर कृष्णाकाठचं, उसाचं. उसाला पाणी सोडायचं आणि तोडीची वाट बघायची. इथं आल्यावर पहिल्याच मार्चमध्ये कळलं, की द्राक्षाच्या घरातली सून आधी राखणदार असते. रात्री ढग गडगडले की अंथरुणातून उठून रॅककडे पळायचं आणि दिसेल त्या बाजूनं प्लास्टिकचा कागद ओढायचा.

बेदाण्याचं रॅक ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लोखंडी अँगलचा लांबलचक सांगाडा, त्यात एकाखाली एक दहा-अकरा कप्पे, कप्प्यांना जाळी, वरून शेडनेट. द्राक्षं तोडून आणायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची आणि जाळीवर पसरायची. लिटरला २५ ग्रॅम पावडर, १५ मिली तेल. हे प्रमाण आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो ह्या पाण्यानं विस्कटतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग १५ ते १८ दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाचा एक किलो. उरलेले तीन किलो वाऱ्यावर जातात.

त्या पंधरवड्यात एक सर जरी आत शिरली तरी माल काळा पडतो. चवीला तो वाईट नसतो. खरं सांगायचं तर मला तोच जास्त गोड लागतो. पण सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, चवीला कोण विचारतं? बॉक्स फोडायचा, मूठभर माल हातावर घ्यायचा, उजेडात रंग बघायचा आणि उरलेला तिथंच उधळून पुढं जायचं. दिवसाअखेर सौद्याच्या फरशीवर किती घरांचा बेदाणा चपलांखाली जातो, ह्यावर शेतकऱ्यांनी कितीदा तरी आवाज उठवलाय. असो. तो वेगळा विषय आहे आणि मी त्यावर बोलायला लागले की रक्तदाब वाढतो.

तर यंदा हंगामात मी रॅकवर नव्हते. ३१ वर्षांत पहिल्यांदा.

सुनेचं बाळंतपण मेलबर्नला होतं. तिच्या आईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मलाच जावं लागणार होतं, आणि तेही ऐन फेब्रुवारीत. मी का-कू करत होते. आबा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, ‘‘द्राक्षं दरसाली येत्यात. पंतू काय दरसाली येतोय व्हय?’’ झालं. तिकीट निघालं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी साडेसातला ह्यांचा फोन आला. म्हणजे तासगावात रात्रीचे दोन. मी ओळखलंच. ‘‘पाऊस लागला,’’ हे म्हणाले, ‘‘कागद टाकला होता, पण वाऱ्यानं फाटला. एका रॅकचे खालचे चार कप्पे भिजले.’’ मग जरा थांबून, ‘‘बाळ झोपलं का रात्री?’’ मी म्हटलं, झोपलं. दोघंही त्यावर पुढं काही बोललो नाही. फोन ठेवल्यावर मी उगाचच त्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन वर बघितलं. लख्ख निळं आभाळ होतं.

त्याच आठवड्यात डिंकाचे लाडू करायचे होते. बेदाणा घरून न्यायचं मनात होतं, पण लेकानं तिथल्या विमानतळावरच्या खाण्याच्या नियमांची एवढी भीती घातली, की मी डिंकसुद्धा नेला नाही. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या तालुक्यातली बाई परक्या मुलखात दुकानातून पाकीट विकत आणते, हे गावात सांगायची सोय नाही. पाकिटावर लिहिलं होतं, ‘सुलताना’. फोडून बघितलं तर मणी ओळखीचा. ‘‘अरे, हा तर आपला थॉमसन!’’ मी म्हटलं. लेक म्हणाला, ‘‘आपला कुठला, त्यांचाच आहे तो.’’ दोघांचंही बरोबर होतं. सुलताना आणि थॉमसन सीडलेस ही एकाच वाणाची दोन नावं. आमच्या तालुक्यातल्या बोरगावात जो तास-ए-गणेश वाण निघाला, तो ह्याच थॉमसनमधून.

पण खरी गंमत वाणाची नाही, त्या बुडवायच्या पाण्याची आहे. कार्बोनेट आणि तेलाची ही रीत आमच्याकडे ‘ऑस्ट्रेलियन पद्धत’ म्हणूनच आली. ह्यांच्याकडे एक जुनी घडीपत्रिका आहे, तिच्यावर हेच नाव छापलेलं आहे, आणि मी ते शंभर वेळा वाचूनही त्याचा कधी विचार केला नव्हता. मरे नदीच्या काठी मिल्डुराच्या भागात लोक सुलताना अशाच पाण्यात बुडवून तारेच्या जाळीच्या रॅकवर वाळवत आले. म्हणजे इतकी वर्षं रात्री-अपरात्री मी ज्या रॅककडे पळत होते, त्याचं माहेर इथं निघालं.

एप्रिलमध्ये ईस्टरची जोडून सुट्टी आली. बाळाला दोन महिने होत आले होते, सव्वा महिन्याचं सगळं पाळून झालं होतं. लेक म्हणाला, रदरग्लेनला जाऊ. मी विचारलं, काय आहे तिथं? वाइन, तो म्हणाला. मी हो-नाही काही बोलले नाही. आमचं घर माळकरी आहे. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि आषाढीची वारी चुकलेली नाही. पण मग तो म्हणाला, ‘‘आई, तिथं द्राक्षं तोडतच नाहीत लवकर. वेलीवरच बेदाणा व्हायला ठेवतात.’’

‘‘आणि पाऊस आला तर?’’

‘‘ते तूच विचार त्यांना.’’

मेलबर्नपासून रदरग्लेन २८५ किलोमीटरच्या आसपास. व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्य टोकाला, पलीकडं मरे नदी आणि नदीच्या पार दुसरं राज्य. शहर संपलं तसं गवत पिवळं पडत गेलं. निलगिरीची झाडं नसती तर मी सांगितलं असतं की आपण आटपाडीच्या अलीकडं आलोय. ऊनही तसंच, वरून कमी आणि जमिनीतून जास्त.

एक गोष्ट मला वाटेत लक्षात आली आणि मी ती मोठ्यानं बोलूनही दाखवली. हा देश विषुववृत्ताच्या खाली. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. तरी त्यांची द्राक्षं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतात आणि आमचीही साधारण तेव्हाच. त्यांचा तो खरा हंगाम आहे. आमचा आम्ही कात्रीनं ओढून आणलेला आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, म्हणजे वेलीला दोनदा झोपेतून उठवायचं आणि माल उन्हाळ्याच्या तोंडावर काढायचा. त्यांच्या वेली हिवाळ्यात पानं टाकून निवांत झोपतात. सून मागून म्हणाली, ‘‘बाळाचं उलटं आहे.’’ तेही खरं होतं.

तासगावात शिरताना गणपतीचं गोपूर लांबून दिसतं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळाचं, सात मजली. रदरग्लेनमध्ये लांबून दिसते ती बाटली. विटांचा जुना पाण्याचा टॉवर आहे, त्याच्या डोक्यावर जाळीची मान बसवून गावानं त्याची वाइनची बाटली केली आहे. गाडी वळली आणि ती समोर आली तेव्हा सवयीनं माझे हात जोडले जाणार होते. कसेबसे आवरले. गाव म्हणजे एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूला ओसरीसारखे पुढं आलेले छज्जे असलेली जुनी दुकानं. १८६० मध्ये इथं सोनं सापडलं आणि माणसं लोटली. द्राक्षं मात्र त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात लागली होती. सोनं संपलं.

एका मोठ्या वायनरीत लाल विटांचा चक्क किल्ला आहे. १८६४ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या माणसांनी सुरू केलेली, ऑल सेंट्स नावाची. तिथं झाडांच्या सावलीत बाळाला पाजलं, फोटो काढले, आणि ते झाल्यावर आम्ही एका लहानशा, घरच्या माणसांनीच चालवलेल्या ठिकाणी गेलो. मला जे सांगायचंय ते सगळं तिथलं आहे.

बाहेरच फलक होता, की वेलींच्या रांगांत शिरू नका. कारण फायलोक्झेरा. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी कीड, मुळांना लागते आणि वेल आतून जाते. १८९९ मध्ये ती रदरग्लेनमध्ये पोचली आणि बागांच्या बागा बसल्या. चपलेच्या मातीतून ती एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. नंतर अमेरिकन जंगली वेलींच्या मुळांवर कलमं करून लोक पुन्हा उभे राहिले. आम्हीही वेल कलमावरच लावतो, डॉगरिज नावाच्या खुंटावर, आणि डॉगरिजही मूळचा अमेरिकेचाच. पण आमचं कारण वेगळं, खारं पाणी आणि पाण्याची वानवा. मी कुंपणाबाहेर उभी राहून एका खोडाकडं बघत होते. बुंध्याशी कलमाची गाठ होती, आमच्यासारखीच फुगलेली. त्या गाठीनं जरा धीर आला.

आत लाकडी काउंटर. पलीकडं माझ्याच वयाची बाई, चष्मा कपाळावर चढवलेला, हाताची नखं माझ्यासारखीच, म्हणजे काळी. लेकानं ओळख करून दिली की ही माझी आई, हिच्या घरी द्राक्षं आहेत. बाईनं लगेच चार लहान ग्लास मांडले. आणि मग अडचण लक्षात आली. लेकाला गाडी चालवायची होती. सून अंगावर पाजत होती. बाळ दोन महिन्यांचं. चव घ्यायला माणूस उरलं एकच.

‘‘आई, तूच घे,’’ लेक म्हणाला. सून बाळाच्या दुपट्यात तोंड लपवून हसत होती. थुंकायला भांडं आहे, गिळायची सक्ती नाही, असंही त्यानं सांगितलं. मी आधी मोबाइलवर तिथी बघितली. एकादशी नव्हती.

पहिला ग्लास शिराझचा होता.

हे नाव ऐकून मी हसले आणि लेकही हसला. सुनेला माहीत नव्हतं म्हणून तिला सांगायला लागलो. शिराझ आमच्या रानात होता. २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, नाशकाकडं विंचूरला आणि आमच्याकडं पलूसला वाइन पार्क काढलं. पलूस आमच्यापासून मोटरसायकलवर अर्धा-पाऊण तास. तेव्हा जो तो म्हणायचा की खायच्या द्राक्षाचं दिवस गेले, आता वाइनचं आले. ह्यांनी २००६ मध्ये एक एकर शिराझ लावला, एका कंपनीच्या करारावर. मणी हरभऱ्याहून जरासा मोठा, आत बिया, साल जाड. शाळेतून आलेली पोरं तोंडात टाकायची आणि थुंकायची. पहिली दोन वर्षं ट्रक वेळेवर आला, पैसे उशिरा का होईना आले. तिसऱ्या वर्षी माणूस बाग बघून गेला आणि परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाले, टाक्या भरल्यात. आमच्या एकट्याचं नव्हतं ते. त्या काळात राज्यभर वाइनची द्राक्षं लोकांनी उपटली. तो माल खायला विकता येत नाही आणि बेदाणा करायला बियांची अडचण. आठ दिवस घड वेलीवर सुकत राहिले, पाखरांनी मजा केली, आणि पुढच्या वर्षी जेसीबी बोलावला.

आम्ही त्या वाइनची बाटली कधी बघितली नाही. कंपनीनं दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही. मागून ठेवणार कुठं, देव्हाऱ्याखाली? पुढं २०२२ च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या पारावर महिनाभर भांडण चाललं होतं. निम्मे म्हणत, वाण्याच्या दुकानात दारू आली तर पोरं बिघडतील. निम्मे म्हणत, द्राक्षाला गिऱ्हाईक मिळेल. मी दोन्ही बाजूंनी भांडून झाले. पण वाइन कशी लागते हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं.

तर तो ग्लास हातात होता. रंग जांभळट लाल. मी घोट घेतला आणि थुंकले नाही. आधी आंबूस, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी जड होते तशी जड, आणि शेवटी मिरीसारखं काहीतरी घशाशी. आवडली का, लेकानं विचारलं. मला काय सांगावं कळेना. मला त्या जेसीबीचा आवाज आठवत होता. एक एकर काढायला त्याला दुपारही लागली नव्हती.

दुसरा ग्लास ड्युरिफचा. हे ह्या गावाचं लाडकं लाल वाण. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये ड्युरिफ आडनावाच्या माणसाकडं हे रोप निघालं. बाप शिराझ, आई पेलुरसँ नावाचं एक जुनं वाण. फ्रान्समध्ये तिला आता फारसं कुणी विचारत नाही, इथं सासरी मात्र नांदतेय. रंग शाईसारखा, ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसेना. तुरटपणा एवढा, की कच्ची सुपारी चघळल्यासारखं हिरड्या आवळून आल्या. ह्या दुसऱ्या ग्लासच्या वेळी मी भांड्याचा मान राखला. सुनेनं माझा फोटो काढला, त्यात माझे दात निळे दिसतायत. तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही असं मी तिला बजावलं, आणि तिनं तो टाकला.

मग त्या बाईनं लालचे ग्लास बाजूला सारले आणि अंगठ्याएवढे दुसरे काढले. म्हणाली, आता आमची खरी वस्तू. ऑस्ट्रेलियात ह्या गोड वाइनना लाडानं ‘स्टिकी’ म्हणतात, म्हणजे चिकट. ह्यातली मुख्य मस्कत नावाच्या द्राक्षाची. लहान मण्याचं, तांबूस सालीचं मस्कत, तिथले लोक त्याला ब्राउन मस्कत म्हणतात. घड वेलीवरच राहू देतात. मणी मऊ पडतो, सुरकुततो, अर्धा बेदाणा होतो. आम्ही बेदाण्यासाठी द्राक्ष तोडतो तेव्हा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, २२ ते २४ असतं, हे लोक तीसच्या पुढं जाऊ देतात. मग ते चिवट घड दाबायचे, रस आंबायला लागला न लागला तोच त्यात द्राक्षाचाच कडक स्पिरिट ओतायचा. साखरेचा अल्कोहोल करणारं किण्व सतरा-अठरा टक्क्यांपुढं टिकत नाही, मरतं. मग साखर जिथल्या तिथं राहते. हीच फोर्टिफाइड वाइन. पुढचं सगळं काम लाकडी पिंपाचं आणि उन्हाचं.

चार पायऱ्या आहेत. पहिलीला नुसतं रदरग्लेन मस्कत म्हणतात, मग क्लासिक, मग ग्रँड आणि शेवटची रेअर. वय सरासरीनं तीन-पाच वर्षांपासून सुरू होतं आणि रेअरला २० वर्षांच्या पुढं जातं. पहिलीत गुलकंद होता. खरंच, गुलकंद, डबीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. क्लासिकमध्ये गुलाब मागं गेला आणि बेदाणा पुढं आला. ग्रँड हुंगली आणि मी डोळे मिटले, कारण मी आमच्या गोदामात उभी होते, उन्हाळ्यात दुपारी, दार नुकतंच उघडलेलं.

रेअरचा रंग आधी बघ, असं त्या बाईनं खुणेनं सांगितलं. तिनं ग्लास खिडकीकडं तिरका धरला. मधोमध जवळजवळ काळा. कडेला आला की तपकिरी, आणि अगदी शेवटच्या रेघेला हिरवट, शेवाळी. ग्लास फिरवला तर काचेला चिकटून राहिला आणि सावकाश खाली आला, जसं काही खाली यायची त्याची इच्छाच नव्हती. हा रंग कशानं, मी विचारलं. लेकानं भाषांतर केलं. बाई म्हणाली, वयानं. जितकी जुनी तितकी काळी. काळी झाली की भाव चढतो.

मी लेकाला म्हटलं, तिला नीट विचार, काळी झाली की भाव चढतो असंच म्हणाली ना?

मग मी घोट घेतला. आणि मला माहेर आठवलं, सासर नाही. आमच्या रानात गुऱ्हाळ लागायचं तेव्हा कढईतून पहिली काकवी काढून वडील पळसाच्या पानावर द्यायचे. गरम, काळसर, बोटाला न सुटणारी. त्यात भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा वास, थोडी करपलेली कॉफी, आणि सगळ्यात मागं लाकूड. लिटरला २७० ते ४०० ग्रॅम साखर असते म्हणे ह्यात. पण नुसती गोड नव्हती, खाली एक आंबटपणा होता, त्यानं ती उचलून धरली होती. हा घोट मी गिळला. आबा, माफ करा.

बाजूचा ग्लास मस्कादेल नावाच्या द्राक्षाचा होता. ह्याला हे लोक पूर्वी टोके म्हणायचे. पण टोकाय हे हंगेरीतल्या गावाचं नाव, ते त्यांचंच, म्हणून ह्यांनी ते सोडून टोपाक असं नवं नाव घेतलं. मी अभिमानानं सांगितलं की सांगलीच्या बेदाण्यालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. बाईनं सांगली हे नाव दोनदा उच्चारून बघितलं. तिला ‘ळ’ नसल्याचा फायदा झाला.

शेवटी तिनं मागचं शेड दाखवलं. एवढ्या किमती मालाला मी थंड तळघर असेल असं धरून चालले होते. तर पत्र्याचं शेड, आमच्यासारखं, आत धग, खाली माती. काळी पडलेली पिंपं ओळीनं झोपवलेली. ह्या धगीनंच पिंपातलं पाणी लाकडातून उडतं, माल दाटत जातो आणि दरसाल पिंप थोडं खाली जातं. जे उडतं त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. आमचे तीन किलो वाऱ्यावर जातात, त्याला आम्ही घट म्हणतो.

पिंप पूर्ण रिकामं कधीच करत नाहीत. जुन्यातून थोडं काढायचं, त्याची जागा त्याहून कोवळ्यानं भरायची, त्याची त्याहून कोवळ्यानं. त्यामुळे त्या काळ्या पिंपाच्या तळाशी कुणाच्या तरी पणजोबाच्या हंगामाचे दोन थेंब असणारच. लेकाला हे भाषांतर करताना शब्द सापडेनात. मीच म्हटलं, विरजण रे. भांडं घासायचं नाही, थोडं ठेवायचं.

आणि मग मी माझा प्रश्न विचारला. तोडायच्या आधी पाऊस आला तर काय करता?

तिनं खांदे उडवले. सडतं, म्हणाली. काही वर्षी त्याची वाइन होतच नाही.

मग त्या वर्षी काय विकता?

तिला प्रश्न कळला नाही असं मला आधी वाटलं, कारण ती उत्तर न देता नुसती मागं वळली. मग तिनं हात केला, पिंपांच्या ओळीकडं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. लेकाला वाटलं चढली. मी मनात कोल्ड स्टोअरेजच्या भाड्याचा हिशेब करत होते. आमचा माल दिवाळीपर्यंत धरला तर कदाचित किलोमागं थोडे जास्त मिळतात, कदाचित नाही. फेब्रुवारीत नवा निघाला की ठेवलेला तो ‘जुना माल’ होतो आणि सौद्यात जुना म्हटलं की व्यापारी हात झटकतो. एक पावसाळा पार केला तरी बेदाणा स्वतःहून काळवंडायला लागतो. आमच्याकडं वर्ष म्हणजे मालाला लागलेली कीड आहे.

मेच्या मध्यावर घरी आले. खरड छाटणी होऊन बागा पोपटी फुटल्या होत्या. गोदामात शिरले तर मागच्या भिंतीला भिजलेल्या रॅकचा माल रचलेला, १५ किलोचे ४० बॉक्स. एक अडत्या येऊन भाव सांगून गेला होता, तो ह्यांनी मला आकड्यात सांगितला नाही, ‘‘गाडीभाडं सुटंल,’’ एवढंच म्हणाले.

रात्री जेवणं झाल्यावर आबांनी हाक मारली. ग्रुपवरचा तो निळ्या दातांचा फोटो त्यांनीही बघितला होता. मी मान खाली घालून उभी राहिले. तर ते म्हणाले, ‘‘बस हितं. येलीवर वाळवत्यात ते खरं हाय का?’’

मी बसले आणि सगळं सांगितलं. शिराझचं सांगितलं तेव्हा नुसतं ‘‘हां’’ म्हणाले. तो एकर त्यांच्या हातचा होता. पिंपांचं ऐकून मात्र सावरून बसले. ‘‘म्हंजे पोरानं काढायचं ते आज्यानं भरल्यालं,’’ ते म्हणाले, ‘‘आन पोरानं भरायचं ते नातवाला.’’ मग बराच वेळ सुपारी कातरत राहिले. ‘‘आन काळी झाली की भाव चढतो?’’

‘‘चढतो, आबा.’’

‘‘लागती कशी?’’

आता हे कसं सांगणार? ८४ वर्षांचा माळकरी माणूस. मी स्वयंपाकघरात गेले. माहेराहून आलेली काकवी होती. गोदामातून मूठभर काळा बेदाणा आणला, धुतला, काकवीत घातला आणि मंद आचेवर मऊ होईपर्यंत ठेवला. चिमूटभर कॉफी. अर्धा चमचा गुलकंद, मग वाटलं ते पहिल्या ग्लासचं होतं, म्हणून त्यातला निम्मा काढला. लिंबाचे चार थेंब. वाटीत ओतलं आणि वाटी दिव्याखाली तिरकी धरून बघितली. कडेला हिरवी रेघ काही आली नाही.

आबांनी दोन बोटांनी एक मणी उचलला, दात नसल्यानं टाळूला लावून चघळला. मग दुसरा. मग वाटी तोंडाला लावली. मी वाट बघत होते. त्यांनी वाटी पुसून माझ्या हातात दिली, मिशीवरून हात फिरवला.

‘‘लाकूड ऱ्हायलं,’’ ते म्हणाले.

मग हाक मारून ह्यांना विचारलं, माळ्यावरचं ते जुनं सागवानी पिंप अजून हाय का रं, का फोडलं त्ये बी.